गोदूबाईनं बसवलेली शेवटची कोंबडी

मानपाड्याच्या मागल्या आळीत कुणाची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायचं सोडून, पिसं फुगवून कोपरा धरून बसायला लागली, की घरची बाई तिला काखोटीला मारायची आणि थेट गोदूबाईचं अंगण गाठायची. पदरात अंडी. नऊ, अकरा, फार तर तेरा. सम आकडा गोदूबाई घेत नसे. टोपलीत भाताचा पेंढा दाबायचा, पिसवांसाठी राख भुरभुरायची, वीज कडाडली तर अंड्यातला जीव दचकू नये म्हणून एक गंजका खिळा कडेला खोचायचा आणि कोंबडी बसवायची. एकवीस दिवस ती कोंबडी गोदूबाईची. पुढं पिलं आईपासून सुटली की अर्धी जिची कोंबडी तिची, अर्धी गोदूबाईची. अर्धलीचा हा रिवाज तिच्या सासूच्या आधीपासूनचा.

गोदूबाईचं माहेर मलंगगडाच्या पायथ्याचं. लग्न होऊन आली तेव्हा घरामागं भाताची खाचरं होती. ती कारखान्यांच्या वसाहतीत गेली. नवरा तिथंच हमाली करून करून मेला. मुलगा विठ्ठल कंपनीची बस चालवतो, सून अक्षदा कल्याणला कपड्यांच्या दुकानात जाते. शेत गेलं, बैल गेले, गोठ्याच्या जागी विठ्ठलनं दोन खोल्या चढवल्या. जुन्यातलं गोदूबाईच्या हाती एवढं एकच उरलं होतं. पोरांची सुईण असते, तशी ती कोंबड्यांची. चाळीस वर्षांत तिच्या टोपलीतून कुणाची कोंबडी रिकामी उठली नव्हती. हे ती स्वतः कधी बोलत नसे. बोलायला आळी होती.

यंदा गावदेवीची जत्रा उरकली आणि शेजारची चांगूबाय आपली तांबडी घेऊन आली. दोघी एका वयाच्या, एकाच महिन्यात या आळीत सून म्हणून आलेल्या, भिंतीला भिंत.

“तेरा हाईत. मोजून घे,” चांगूबाय म्हणाली. “नायतर मागारी बोलशील, दोन चांगीनं खाल्ली.”

“तू खातेस त्या कोनाला ठाव नाय?”

“खाते तं. माजी कोंबरी, माजी अंडी. तुजे घरची नाय ना खाल्ली.”

तांबडी बसली. खमकी होती. टोपलीजवळ हात नेला की घशातून गुरगुरायची आणि चोच मारायची. गोदूबाईला अशीच आवडायची. मऊ स्वभावाची कोंबडी पिलं मुंगसाच्या तोंडी देते.

सातव्या दिवशी अंडी उजेडावर धरायची असतात. जीव धरला असेल तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं, मधे काळा ठिपका. पूर्वी चिमणीवर बघायची, आता मोबाइलच्या बॅटरीवर. त्या सकाळी चार बाया नळावरून येता येता थांबल्या होत्या, चांगूबायही होती. गोदूबाईनं एकेक अंडं धरलं. प्रत्येकात तिला गढूळ, करडं काहीतरी दिसलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. विठ्ठल वर्षभर ऑपरेशनसाठी मागं लागलेला आणि ती आज नको उद्या करत आलेली. ती गढुळी तिच्या डोळ्यातली होती. तिनं ती अंड्यात बघितली.

“तेराच्या तेरा भरली,” ती म्हणाली.

“बरा झाला,” चांगूबाय म्हणाली आणि हंडा उचलून गेली.

अठराव्या दिवशी गोदूबाईनं परातीत कोमट पाणी घेतलं. दिवस भरत आलेल्या अंड्यातलं पिल्लू पाण्यात सोडलं की आतून ढुशा देतं, अंडं आपोआप हलतं. डोळ्यावर भरवसा नव्हता म्हणून तिनं अंड्यांवर तळहात ठेवला. पाणी थांबलं. अंडीही थांबली. अर्धा तास ती तशीच उकिडवी बसली. मग एक अंडं परातीच्या काठाला लागून तडकलं आणि जो वास सुटला त्यानं तिला काय ते समजलं. तेराच्या तेरा घाण झाली होती. फुटलेलं तिनं परसात पुरलं, उरलेली बारा परत तांबडीखाली सरकवली.

उन्हानं गेली म्हणून सांगता आलं असतं. वैशाखात जातात अंडी, कुणाचीही जातात. पण सातव्या दिवशी तिनं चार बायांसमोर तेराचा आकडा बोलला होता. अंडी मेली सांगितलं की पहिला सवाल येणार, मग तेव्हा काय बघितलंस. आणि गोदूबाईला दिसत नाही हे एकदा आळीला कळलं की पुन्हा कुणी कोंबडी आणणार नाही. मग ती कोण? विठ्ठलची आई, जिन्याखाली बसलेली.

संध्याकाळी अक्षदा कामावरून आली तेव्हा तिनं तिला मोरीपाशी ओढलं.

“उद्या कल्यानवरशी येताना पिला आन. अकरा. रंग लावलेली नको. तांबरी, काली बगून घे. एका दिसाचीच पायजेत.”

“आई, सांगून टाका ना सरळ. अंडीच तर होती. माणसं मेलीत का?”

“तुना नाय समजायचा.”

“आणि चांगूकाकींना कळलं तर?”

“कोंबरीला नाय कलनार, तं चांगीला काय कलतंय.”

अक्षदा दुसऱ्या दिवशी चपलांच्या खोक्याला भोकं पाडून अकरा पिलं घेऊन आली. विकणारा कालचीच आहेत म्हणाला होता. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. पिंजऱ्यात एकावर एक दोनेकशे पिलं कोंबलेली होती, त्यातून त्यानं मुठीनं काढून दिली.

दोन दिवस गोदूबाईनं खोकं आपल्या खाटेखाली ठेवलं. एकविसाव्या दिवशी दिवेलागणीला, कोंबडीची नजर मंदावते त्या वेळेला, तिनं टोपलीवर गोणपाट टाकलं. पेंढ्यात हात चोळचोळून हाताला टोपलीचा वास लावला. मग तांबडीच्या पोटाखालून एक अंडं काढायचं आणि त्याच जागी एक पिल्लू सरकवायचं, असं अकरा वेळा. पहिल्या पिलाला तांबडी गुरगुरली. दुसऱ्याला तिचा आवाज बदलला, खालच्या पट्टीत क्लुक क्लुक सुरू झालं आणि तिनं आपणहून पंख उचलला. गोदूबाईनं स्वयंपाकघरातल्या अंड्यांची टरफलं अर्धी अर्धी करून पेंढ्यात टाकली. नासलेली बाराही अंडी परसात हातभर खोल पुरली आणि वर दगड ठेवला.

सकाळी तांबडी अकरा पिलं घेऊन अंगणात आली. बाया जमल्या. कुणी म्हणालं, तेरातली अकरा, एवढ्या उन्हाच्या तडाख्यात. चांगूबायनं एकेक पिल्लू तळहातावर घेतलं, चोच वर करून बघितली, खाली सोडलं.

“देवी पावली गो,” म्हणाली आणि गेली.

आता जे पुढं झालं त्याला गोदूबाईचं अज्ञान म्हणता येत नाही. बाहेरचं पाखरू आणलं तर आठ दिवस वेगळं डालग्याखाली ठेवायचं, त्याची शिट बघायची, मगच कळपात सोडायचं, हे आळीतल्या प्रत्येक सुनेला तिनंच शिकवलेलं. पण आपल्याच टोपलीत, आपल्याच अंड्यातून निघालेली पिलं कोण वेगळी ठेवतं? ठेवली असती तर पहिला प्रश्न चांगूबायनंच केला असता. एकदा खोटं अंगणात आणून सोडलं की त्याच्यामागं खुराड्याची झाप लावता येत नाही. चौथ्या दिवशी तांबडी पिलं घेऊन उकिरड्यावर गेली. तिथं गोदूबाईच्या सात कोंबड्या, चांगूबायच्या नऊ, आळीतल्या सगळ्यांच्या मिळून साठेक. मोठ्या कोंबड्यांनी नव्या पिलांना दोन-चार टोचे मारले, तांबडीनं त्यांतल्या दोघींची पिसं उपटली आणि दुपारपर्यंत सगळी एकाच थाटलीतलं पाणी पीत होती.

सहाव्या दिवशी एक पिल्लू चोच उघडी टाकून उभं राहिलं. सातव्या दिवशी तीन मेली. आठव्या दिवशी गोदूबाईचा कोंबडा आरवला नाही. खुराड्यात पाय फाकून बसलेला, खाली हिरवी शिट, आणि मान वळून पाठीवर आलेली, जसं काही त्याला कुणी मागून हाक मारली आहे.

मानमोडी. लहानपणी तिनं बापाच्या कोंबड्या अशा जाताना बघितल्या होत्या. तेव्हा तिसऱ्या दिवशी बापाच्या अंगणात आवाज राहिला नव्हता.

त्याच आठवड्यात कंपन्यांकडून उग्र वास येत होता. तो तसा नेहमीचाच, पण त्या आठवड्यात डोळे चुरचुरत होते, पोरं खोकत होती. कोंबड्या मरायला लागल्या आणि आळीनं ताबडतोब ठरवलं, गॅस. सिद्धेश नावाचा आळीतलाच तरणा, कुठल्याशा पक्षाचा झेंडा गाडीवर लावून फिरणारा, फोन घेऊन घरोघरी मेलेल्या कोंबड्यांचं शूटिंग करत आला.

“आजी, तुम्ही फक्त दोन वाक्यं बोला. चाळीस वर्षं कोंबड्या पाळते, असं कधी बघितलं नाही. बस. तुमच्या शब्दाला वजन आहे.”

“उद्या बोलते,” गोदूबाई म्हणाली.

त्या दिवशी आळीतल्या अर्ध्याहून जास्त कोंबड्या अजून धड होत्या. तिनं तोंड उघडलं असतं तर त्यांना आत कोंडता आलं असतं, जनावरांच्या दवाखान्यातला माणूस आणून डोळ्यात औषधाचे थेंब घालून घेता आले असते. हे तिला ठाऊक होतं. रात्री अक्षदा म्हणाली, “आई, आता तरी.” तिनं भिंतीकडं तोंड केलं. उद्याचा दिवसही तसाच गेला. तिच्या सातही गेल्या. अकरा पिलांतलं शेवटचं तांबडीच्या पंखाखालीच मेलं आणि ती दुपारपर्यंत त्याला ऊब देत राहिली. गोदूबाईनं ते ओढून काढलं तेव्हा तांबडीनं तिच्या मनगटाचं रक्त काढलं.

त्याच दुपारी ती चांगूबायच्या दारात गेली. चांगूबाय भांडी घासत होती.

“चांगे, कोंबऱ्या आत घे. मानमोडी हाय. गॅस नाय. ती पिला मी कल्यानवरशी आनवली. तुजी अंडी मेली होती.”

चांगूबायनं घासलेला तांब्या पालथा ठेवला.

“मना ठाव हाय.”

“काय ठाव हाय?”

“अंड्यातून निगालेल्या पिलाचे चोचीवर पांढरा दाना असतो, दोन-तीन दिसांनी गलून परतो. तूच शिकवलंस. तुजे अकरा पिलांत एकाला पन नव्हता. मना कलला, तुना नाय दिसला.” तिनं पुढचं भांडं ओढलं. “आनि अंडी फ्रिजात होती चार दिस. सुनेनं ठेवलेली, उनानं नासतील म्हनून. मना वाटला चालून जाईल. गोदीचा हात हाय.”

“मंग बोललीस का नाय?”

“तू तेरा बोललीस सगल्यांसमोर. तितं मी काय बोलू? आनि अर्धी पिला मनाच भेटनार होती ना.”

“बाहेरची पिला हाईत ठाव असून तुजे कोंबऱ्या मोकल्या सोरल्यास?”

“तू सोरल्यास म्हनून मी सोरल्या,” चांगूबाय म्हणाली. “मना वाटला, तुना कलत असंल.”

मागच्या परसात चांगूबायच्या नऊतल्या चार माना टाकून बसल्या होत्या. दोघींनी उरलेल्या पाच धरून आत कोंडल्या. चांगूबाय हात धूत म्हणाली, “आता कोनाला सांगू नको. गॅसच बोल. कंपनी काय लय देवमानूस हाय?”

गोदूबाई बाहेर पडली. नळाकडच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. दारात उभी राहायची आणि तेच सांगायची: मानमोडी हाय, कोंबऱ्या कोंडा, थाटली उकलत्या पान्यानं धुवा, मी आनली. काही घरांत ऐकून घेतलं. एकीनं दार लावलं. एका घरात कोंबड्या आधीच पोत्यात भरलेल्या होत्या आणि तिथली म्हातारी तिच्याकडं नुसती बघत राहिली. पाचव्या घरापाशी सिद्धेशनं तिला गाठलं. मागं माणसं होती.

“आजी, काय चाललंय? कंपनीविरुद्धच्या अर्जावर सह्या झाल्यात. कंपनीवाले हेच शोधत असतात. तुम्हाला नीट दिसत तरी का, कशानं मेल्या ते?”

“तेच सांगते,” गोदूबाई म्हणाली. “दिसत नाय. दोन वर्सं झाली दिसत नाय.”

मागून एक बाई म्हणाली, “आनि आमच्या अंड्यांवर बॅटरी मारायची.” दोघी-तिघी हसल्या. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सिद्धेशचा अर्ज गेला तो गेलाच; वास येतो तसा येतो. दवाखान्यातला माणूस दोन दिवसांनी आला. साठातल्या चौदा वाचल्या. चांगूबायच्या पाचांतल्या दोन. आणि तांबडी, तिला काहीच झालं नाही. चांगूबायनं ती परत नेली. अर्धलीचा विषय कुणी काढला नाही.

विठ्ठलनं श्रावणाच्या तोंडावर आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं. आता तिला ओट्यावर बसल्या बसल्या समोरच्या भिंतीवरची मुंगी दिसते. तांदूळ निवडायचं काम तिच्याकडं आलंय.

श्रावण सरता सरता तांबडी पुन्हा खुडूक झाली. तिचा क्लुक क्लुक आवाज गोदूबाईनं भिंतीपलीकडून तीन दिवस ऐकला. चौथ्या दिवशी चांगूबाय तिला काखोटीला मारून बाहेर आली. गोदूबाईनं सूप खाली ठेवलं. चांगूबाय नळाकडं वळली, बादली भरली आणि कोंबडीला दोन्ही हातांनी धरून पोटापर्यंत गार पाण्यात बुडवून ठेवलं. खुडूक मोडायची ही रीत. पोटाची ऊब गेली की कोंबडी अंड्यांचा नाद सोडते. तांबडी धडपडली, पंख आपटले, पाणी चांगूबायच्या लुगड्यावर उडालं. तिनं हात सैल केले नाहीत. दोघींची नजरानजर झाली.

“मोडली का?” गोदूबाईनं विचारलं.

“नाय अजून,” चांगूबाय म्हणाली आणि कोंबडी पुन्हा खाली दाबली.