दोन गाड्यांच्या मधलं पाणी

"ठिपके हायत की. मधलं आपुन जोडू," असं म्हणत अण्णा कानावरची पेन्सिल काढायचे.

ओढ्यावरच्या फरशीपुलापाशी आमच्या पाटबंधारे खात्याची चौकी होती आणि अण्णा तिचे चौकीदार. पाण्यात मापाची पट्टी उभी. पाणी धोक्याच्या खुणेला लागलं की अण्णांनी लाल झेंडा लावायचा. झेंडा नसला की लोक बिनधास्त ओलांडत. गावाचा अण्णांवर भरवसा होता आणि अण्णांचा स्वतःवर त्याहून जास्त.

चौकीत एक यंत्रही होतं. तरंगता डबा पाण्याबरोबर वरखाली झाला की फिरत्या कागदावर पेन हलायचं आणि दिवसभराची अखंड रेघ उमटायची. त्याचं घड्याळ बिघडून दुरुस्तीला गुलबर्ग्याला गेलं आणि सरकारी वस्तू ती, तिकडेच रमली. मग अण्णांनी आपली रीत बसवली. गाणगापूरची गाडी सकाळी गेली की एक माप, संध्याकाळी परतली की दुसरं. दोन ठिपके आणि मध्ये सुबक रेघ. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. काम नीटनेटकं दिसलं की ते खरंही आहे असं त्यांना वाटतं.

मापं गोळा करायला मी जात असे. प्रशिक्षणात नुकतंच शिकलो होतो की अखंड रेघ म्हणजे ॲनालॉग आणि सुटे आकडे म्हणजे डिजिटल. सुट्या आकड्यांवरही भागतं, पण गोष्ट जितकी झपाट्याने बदलते तितके ठिपके जवळजवळ हवेत. उन्हाळ्यात दोन पुरतात. पावसाळ्यात पाणी दुपारी चढून संध्याकाळी उतरलं, तर त्या दोन ठिपक्यांना पत्ताही लागत नाही. हे मी अण्णांना सांगितलं.

"कामून घाबरायलास? वरी पाऊस झाला की मला वास येतो."

श्रावणात एकदा धोक्याच्या खुणेच्याही वर ओला पाचोळा अडकलेला दिसला. पाणी मात्र खालीच, कालच्याइतकं. मी बोट दाखवलं. अण्णांनी काठीने पाचोळा काढून टाकला. "वाऱ्यानं आला आसंल."

अण्णांचं शेत पलीकडे होतं. सकाळचं माप घेऊन ते तिकडे जात आणि दुपारी त्यांची बायको, आमच्या अक्का, फरशीवरून भाकरी घेऊन जात.

एके दिवशी भाकरी आली नाही. संध्याकाळी अण्णा भुकेले, चिडलेले चौकीत आले. पाणी सकाळइतकंच. त्यांनी ठिपका दिला, रेघ ओढली, आणि आम्ही दोघे गावाकडे निघालो.

दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "अक्का दुपारीच गेल्या की. झेंडा लावला न्हाई म्हून गेल्या."

अक्का ओढ्याच्या खालच्या अंगाला, बाभळीत अडकलेल्या सापडल्या.

अण्णांनी नोकरी सोडली. लेकीने त्यांना जनवाड्याला नेलं. मला त्यांचा फार राग होता, तरी एकदा भेटायला गेलो. अण्णा चुलीपाशी दुधाच्या पातेल्यावर नजर लावून बसले होते. मी हाक मारली, त्यांनी मान वळवली नाही.

"अण्णा, पाव्हणे आलेत," लेक म्हणाली.

"थांब. बघायलोय."

तिने पातेलं उतरवलं, विस्तव विझवला. दूध केव्हाच निवलं, साय धरली. अण्णा बघतच होते.