नावाड्याचा घोटा

क्लाइव्ह ट्रेनॉर्डनला जगात जो काही मान होता, तो त्याच्या हातांना होता. दर शनिवारी सकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅमेरा लावायचा आणि कॉमिकमधल्या वीरांचे नवे बाहुले तपासून दाखवायचा. कॅमेऱ्यात टेबल आणि दोन हात, बस्स. कुणाचे डोळे तिरके छापलेत, कुणाच्या ओठाबाहेर रंग सांडलाय, कुणाचा गुडघा पुरता दुमडतो आणि कोण नुसताच खांबासारखा उभा राहतो, हे तो घाई न करता सांगायचा. इंटरनेटवर त्याचे व्हिडिओ बघणारे जेमतेम शे-दोनशे, तेही जगभर विखुरलेले. पण क्लाइव्हने "घेऊ नका" म्हटलं की ते खरोखर घ्यायचे नाहीत.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मूंटा गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. गावाच्या लेखी तो शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, आई गेल्यावर एकटा उरलेला, जरासा खुळा माणूस. पोस्टातली नोएलीन पार्सल पुढे सरकवत म्हणायची, "घे बाबा, तुझी बाहुली आली. लग्न कधी लावतोयस तिचं?"

"बाहुली नाही गं, बाहुला आहे. तुझ्यासाठीच मागवलाय."

"मग ठेवून जा की इथेच! आमच्या घरातला तर सोफ्यावरून हलत नाही."

एवढं बोलून तो बेकरीतून मांस-बटाटा भरलेली एक पेस्टी घ्यायचा आणि घरी जायचा. कधी कधी अख्ख्या आठवड्यात त्याचं कुणाशी तेवढंच बोलणं व्हायचं. एकटेपणाची सवय होते म्हणतात. म्हणणारे बहुधा भरल्या घरात राहत असावेत.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी नावाडी आला. काळा झगा, हातात लांब वल्हं, बुडणाऱ्यांना काठाला लावणारा. लहानपणी क्लाइव्हने त्याच्या कॉमिकचे अंक चिंध्या होईपर्यंत वाचले होते. त्याचा धड बाहुला आजवर निघालाच नव्हता. एक निघाला होता, तो नुसता ठोकळा. आता सगळे सांधे घातलेला निघाला होता, आणि क्लाइव्ह काय म्हणतो याकडे मंडळी डोळे लावून बसली होती.

रूपात नावाडी पहिल्या नंबराने पास झाला. चेहऱ्यावरचा थकवासुद्धा रंगवणाऱ्याने नेमका पकडला होता. खांदा फिरला, कोपर दुमडलं, वल्हं दोन्ही हातांत बसलं. मग क्लाइव्हची नेहमीची कसोटी. किटली शेगडीवर ठेवायची, बाहुल्याला एका पायावर उभं करायचं. पाणी उकळेपर्यंत टिकला तर खरा. क्लाइव्ह आदल्या चहाचा कप पुढ्यात घेऊन, टेबलावर हात टेकून बसला. नावाडी आडवा झाला. पुन्हा उभा केला, पुन्हा आडवा. किटलीने शिट्टी मारली तेव्हा तो तोंडावर पडलेला होता.

"घोट्यात जीव नाही," क्लाइव्ह म्हणाला. त्याच्या आवाजात खरं दुःख होतं. "दिसायला राजा, उभं राहायला पोकळ. घेऊ नका."

असेच व्हिडिओ करणारे बाकीचे परीक्षक मात्र नावाडी खडकासारखा उभा राहतो म्हणत होते. क्लाइव्हला राग आला. फुकटचे बाहुले मिळाले की असंच बोलतात लोक, असं त्याने लिहूनही टाकलं.

सोमवारी फोन वाजला. "क्लाइव्ह? रेविन बोलतेय. टिमारूची."

न्यूझीलंडची ही रेविन वर्षानुवर्षं दर शनिवारी त्याला चार ओळी लिहायची. आवाज तो पहिल्यांदाच ऐकत होता. मेंढ्या हाकणाऱ्या बाईसारखा खणखणीत आवाज.

"मी पण घेतलाय तुझा नावाडी. माझ्याकडे मस्त उभा राहतो."

"नशीबवान आहेस. चांगला नग मिळाला तुला."

"तसं नाही रे. तुझा व्हिडिओ परत बघ. त्याच्याकडे बघू नकोस, तुझ्या कपाकडे बघ. चहा हलतोय, क्लाइव्ह. तू टेबलाला हात टेकलास की हलतो, उचललास की थांबतो."

"टेबल जुनं आहे माझं. एक पाय आखूड आहे."

"आमचे हे, आयव्हर, पण असंच म्हणायचे. आधी पेनाला नावं ठेवली, मग खुर्चीला. डॉक्टरकडे जायला उशीर केला नुसता. घरात कुणी आहे का तुझ्याजवळ?"

"आहेत की. चारशे जण. शेल्फावर."

ती मोठ्याने हसली, आणि मग एकदम हसायची थांबली. "दाखवून ये रे राजा," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर त्याने नावाड्याला उभं करायला घेतलं. बऱ्याच खटपटीनंतर तो एका पायावर ठरला. क्लाइव्ह मागच्या अंगणात गेला, दोरीवरचे कपडे काढले, उगाच घड्या घातल्या, आणि परत आला. नावाडी वल्हं उचलून तसाच उभा होता. क्लाइव्ह खुर्चीत बसला, हात टेबलावर ठेवला. नावाडी पडला.

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुखण्याची भीती नंतर आली. आधी आली ती ही, की हे हात गेले तर शनिवारी आपल्याला कोण विचारणार?

गप्प राहणं सोपं होतं. व्हिडिओ पुसून टाकला असता तरी चाललं असतं. रेविन कुणाला सांगणारी नव्हती. पण मग नावाड्याला लागलेला बट्टा तसाच राहिला असता, आणि ते क्लाइव्हच्या मनाला पटेना.

शनिवारी त्याने कॅमेरा लावला. किटली चढवली नाही.

"मागच्या वेळी मी नावाड्याला नापास केलं," तो म्हणाला. "चूक झाली. त्याचा घोटा घट्ट आहे. खोट इथे आहे." त्याने उजवा हात टेबलाच्या वर अधांतरी धरला आणि सगळ्यांना नीट दिसेपर्यंत तसाच थरथरू दिला. "ज्यांना मी लबाड म्हणालो त्यांची माफी मागतो. नावाडी घ्या, बिनधास्त घ्या. आता यापुढे सांध्यांचं मला विचारू नका. रूपाचं विचारा. डोळे अजून चांगले आहेत माझे."

कॅमेरा बंद करायला त्याने हात पुढे केला, पण बोट काही केल्या बटणावर नेमकं पडेना.

"पण विचारत राहा," तो म्हणाला.