बावखलात न घातलेला कागद

वसईत समुद्राकडच्या वाड्यांमध्ये विहिरीला एक सोबती असतो. त्याला बावखल म्हणतात. बावखल म्हणजे घरामागचा रुंद, उथळ खड्डा. पूर्वीच्या माणसांनी तो खणला तेव्हा एका श्रमात दोन कामे साधली. निघालेल्या मातीने घराचे जोते आणि केळीची वाडी उंच केली, आणि उरलेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी धरले. ते हळूहळू जमिनीत मुरून शेजारच्या विहिरीत उतरते. आमच्याकडे खाली, खोलवर खारे पाणी आहे. गोडे पाणी त्याहून हलके. म्हणून दुधावर साय धरावी तसे ते खाऱ्या पाण्यावर राहते. बावखल भरलेले असले की साय जाड राहते. ते बुजले की विहीर मचूळ होते.

आमचे बुजले होते. कोणी ठरवून बुजवले असे नाही. घरात नळ आला, आणि मग नारळाच्या झावळ्या, दुरुस्तीचा राडारोडा, गणपतीच्या मखराचे तुकडे असे एकेक तिथे पडत गेले.

हळदीच्या दिवशी घरच्या विहिरीचे पाणी वाजतगाजत आणायचे आणि त्याने नवरीला न्हाऊ घालायचे, ही या घरची रीत. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या पहिल्या लेकीच्या लग्नात वाजंत्री विहिरीवर गेली, पूजाही झाली. पण कळशीत पाणी होते टँकरचे. ते जाऊबाईंच्या मनाला लागले. धाकटीचे लग्न मार्गशीर्षात ठरले, तेव्हा त्यांनी सांगून टाकले, "या टायमाला आपलंच पानी. बँड नसला तरी चालंल."

"आई, नळाचं घे ना!" नवरी कळवळली. "त्या विहिरीच्या पाण्याने शाम्पूला फेसच येत नाही. लग्नात माझ्या केसांचा काथ्या होईल."

"काथ्या झाला तर झाला. सासरी दोरी वळशील."

वैशाखात आम्ही बावखल उपसायला घेतले. दीर, पुतणे, शेजारी, सगळे उतरले. तळाचा काळा गाळ केळींच्या बुंध्यांना घातला. मी फोनवर भावाला ही हकीकत कौतुकाने सांगितली. माझे माहेर देशावर, कोरड्या मुलखात. भावाने तिथे शेततळे करून डाळिंबाची बाग जगवली आहे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि पुढच्याच आठवड्यात टेम्पोत एक भलीमोठी गुंडाळी घालून तो दारात हजर झाला. शेततळ्याच्या तळाशी अंथरतात तो जाड प्लास्टिकचा कागद होता. भाचीच्या लग्नाचा आहेर.

"ह्यो कागद टाकल्याबिगर पाणी थांबायचं न्हाय," तो बावखलाच्या काठावर उभा राहून म्हणाला. "सगळं खाली जिरंल."

जाऊबाईंनी गुंडाळीकडे पाहिले, मग खड्ड्याकडे. "मामा, आमचं बावखल काय तान्हं पोर हाय, त्याला लंगोट बांधाया?"

सगळे हसले, भाऊही हसला. पण तो हटेना. "ताई, आमच्याकडं जिरलेलं पाणी पुन्हा तोंड दाखवत न्हाय."

"आमच्याकडं जिरलेलंच तोंड दाखवतं. विहिरीत."

अतिशीत प्रदेशातली घरे, डोंगरउतारावरची भाताची खाचरे, समुद्र हटवून मिळवलेली जमीन: माणूस निसर्गाशी जुळवून घेतो आणि त्याला थोडे वळवूनही घेतो, हा भूगोलाचा धडा मी वर्षानुवर्षे शिकवला. त्या दिवशी तोच धडा माझ्या अंगणात माझ्याच माणसांच्या तोंडून भांडत होता, आणि दोघांचेही बरोबर होते. ज्याच्या त्याच्या जमिनीपुरते. निर्णय जाऊबाईंचा होता. कागद माळ्यावर गेला.

आषाढात बावखल काठोकाठ भरले. बेडूक आले, त्यांच्यामागून बगळे आले. भाऊ दर रविवारी फोन करी. माझी खुशाली नंतर, आधी बावखलाची. भाद्रपदापर्यंत उत्तर देणे सोपे होते. आश्विनात पाणी उतरू लागले, आणि कार्तिकात तळाच्या कडेचा चिखल दिसू लागला.

"मी म्हनलं न्हवतं?" भाऊ फोनवर हळहळला.

जाऊबाई संध्याकाळी काठावर येऊन उभ्या राहत. एकदा त्यांनी हळूच विचारले, "मास्तरीनबाई, मामाचं ऐकाया पायजे होतं का गं?" मला शास्त्र ठाऊक होते, पण इतकी वर्षे मचूळ असलेली विहीर एका पावसाने फिरेल का, हे कोणते शास्त्र सांगणार? मी म्हटले, "वहिनी, आधी विहिरीचा पंप बंद ठेवू या." पंपाची नळी तळाशी असते; ती खालचे खारे वर ओढते आणि साय मोडते. जाऊबाईंनी पंपाच्या बटणावर चिकटपट्टी लावली, आणि नवरीला बजावले, "हात लावलास तर काथ्या."

हळदीचा दिवस उजाडला. भाऊ सहकुटुंब आला होता. बँड पुढे, कळश्या घेतलेल्या सवाष्णी मागे, अशी वरात विहिरीशी पोहोचली. हळदकुंकू वाहून झाले. जाऊबाईंनी कळशी सोडली. ती बुडू न देता, अलगद कलती करून, वरच्यावरच्या पाण्याने भरून घेतली. ओंजळीत पाणी घेतले आणि चाखले. बँडवाल्यांनीही वाद्ये खाली केली होती.

मग त्यांनी दुसरी ओंजळ भरली आणि ती थेट माझ्या भावापुढे धरली. "घ्या मामा. बिनलंगोटाचं."

भावाने ते पिऊन टाकले. मिशा पुसल्या. "गोड हाय की वो!" तो ओरडला, आणि बँड असा काही वाजू लागला की बगळे उडाले.

मांडवात सतरंज्यांखाली भावाचा कागद पसरला होता. पावसाळाभर भरलेल्या बावखलामुळे अंगणात त्या वर्षी अजून ओल होती. बसणाऱ्यांची लुगडी भिजू नयेत म्हणून जाऊबाईंनीच तो माळ्यावरून काढवला. भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सतरंजीचा कोपरा उचलून दाखवत होता. आणि पडद्याआड न्हाणाऱ्या नवरीचा आवाज आला,

"आई! फेस येतोय!"