पोटात मुक्काम नको

गंगापूर रोडवरच्या एका हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये समोरच्या गृहस्थांनी चहा संपवला आणि स्टीलचा पेला उलटा करून बूड निरखलं. आत आईचं पोटाचं ऑपरेशन चालू होतं, माझं डोकं आधीच तापलेलं.

"काय शोधताय?"

"अक्षर बघतो, ताई. भांडी बाजारात लग्नाच्या भांड्यांवर नावं घालायचो. आता इथं ऑपरेशनच्या कात्र्या-चिमट्यांवर नंबर घालतो. जाताना स्कॅन, येताना स्कॅन, मग वाफेच्या मशीनमध्ये."

"नंबर कशाला?"

"शेजारी दिलेलं पातेलं परत आलं का, बघता ना? तसंच. कात्री कुणाच्या पोटात मुक्कामाला नाय राहिली पायजे."

"माझी आई आत आहे हो!" मी ओरडलेच. ते ओशाळले आणि लगबगीनं खाली गेले.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "उत्तम झालं." माझ्या डोक्यात मात्र कात्रीच फिरत होती. मग ते नंबरवाले गृहस्थ जिन्यातून धापा टाकत आले.

"ताई, आईंच्या सगळ्या कात्र्या घरी आल्या!"

तेव्हा कुठे मला चहाची तल्लफ आली. पिऊन झाल्यावर मीही पेला उलटा केला. बुडावर कोरलं होतं, 'आत्याकडून'. कुणाच्या तरी घरचा पेला इथं खुशाल मुक्कामाला होता.