नाहूरच्या शेडमधले चार रझिस्टर

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंडला बँकेत हयातीच्या दाखल्याच्या रांगेत उभी होते. वहिनी "गेले गं" म्हणाली आणि फोन ठेवला. मी दाखला न देताच निघाले. त्याला आता पाच आठवडे झाले. तेवढ्या दिवसांत माझ्या भावाबद्दल लोक इतकं गोड बोललेत की ऐकून तोंडाला मिठी बसायची वेळ आली. शोकसभेत एकाने तर त्याला 'तपस्वी' म्हटलं. तपस्वी कसला डोंबलाचा! शिवराळ, हट्टी, जेवताना पण बोटांना सोल्डरचा वास येणारा माणूस होता तो.

नाहूर स्टेशनजवळ पत्र्याच्या शेडमध्ये तो गाड्यांचं वायरिंग करायचा. शेवटची काही वर्षं त्याच्याकडे जास्त करून हौशी मंडळी यायची. कंपनीने दिलेली गाडी बरी चालते, पण ह्यांना ती चालत नाही. हायवेवर सिग्नल सुटला की अर्ध्या कांजूरमार्गला ऐकू गेलं पाहिजे, आयुष्याचं ध्येय काय तर हे! त्यासाठी इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर काढून मोठे बसवायचे. आता ह्यातल्या काही मोठ्या इंजेक्टरांचा रोध कमी असतो, ते करंट जास्त खेचतात आणि गाडीच्या कॉम्प्युटरला ते झेपत नाही, तो जळतो. म्हणून प्रत्येक इंजेक्टरच्या वायरीत करंटला आवर घालणारा एक रझिस्टर, म्हणजे रोधक, घालायचा. चार इंजेक्टर, चार रझिस्टर. ते चांगलेच तापतात, म्हणून दादा ते ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बोल्टने आवळून, बाकी वायरींपासून लांब बसवायचा. मग गाडी चालू ठेवून पट्टीजवळ हात धरून बसायचा, आई पोराचा ताप बघते तसा. कोणी म्हणालं, "काका, चारांना मिळून एकच लावा ना," की "मग चौघं मिळून एकच चड्डी घाला रे," म्हणून त्याला बाहेर काढायचा.

मी शाळेत तीस वर्षं सायन्स शिकवलं. ओहमचा नियम मी शिकवते आणि वापरतोस तू, असं म्हटलं की खूश व्हायचा. "तुजो ओहम पुस्तकात ऱ्हवता गो, माका चटको देता!"

आणि मग तो महाभाग आला. त्याचं नाव घेत नाही, त्याला तेवढंच हवं असतं. गाड्यांचे व्हिडिओ करतो, बघणारे ढीगभर. दादाने त्याची गाडी वायरिंग करून दिली आणि पंधरा दिवसांत तिचा कॉम्प्युटर जळला. त्याने बॉनेट उघडून व्हिडिओ केला, "नाहूरच्या एका म्हाताऱ्या वायरमनने माझ्या गाडीची वाट लावली यार!" शेडचा बोर्डही दाखवला. महिन्याभरात दादाकडे कोणी येईना. काम गेल्याचं त्याला एवढं नव्हतं… चाळीस वर्षांत त्याच्या हातून एक गाडी जळाली नव्हती, आणि नेमकं ते नाव गेलं.

तो माझ्याकडे आला. चहाला हातसुद्धा न लावता म्हणाला, "तेना रझिस्टर काढून टाकल्यान गो."

"मग सांग ना लोकांना तसं. पुरावा आहे का तुझ्याकडे?"

"तू इचारतंस?"

मी त्यावरही थांबले नाही. "वय झालं रे दादा, एखादा जोड सुटला असेल," म्हणाले. ह्याच तोंडाने. तो उठून गेला आणि पुन्हा माझ्यासमोर त्याने तो विषय काढला नाही. दीड वर्षाने गेलाच.

तेरावं झालं आणि तो महाभाग वहिनीला भेटायला हजर. हात जोडले, 'काका लेजंड होते' म्हणाला, श्रद्धांजलीचा व्हिडिओही टाकणार म्हणे. मग खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत चार रझिस्टर.

"हे मी तेव्हा काढून ठेवलेले. वाटलं, करंट अडवतात, काढले तर गाडी जास्त पळेल. आता कळलं ना. परत लावायचेत, काकांची डायग्राम वगैरे आहे का?"

"हे लोकांना सांगितलंस?" मी विचारलं.

"मॅडम, आता ते गेले ना. आता काय उपयोग?"

वहिनीने त्याच्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतला.

असल्या माणसाचा तिरस्कार करायला अक्कल लागत नाही. पण घरी येऊन मी तो जुना व्हिडिओ लावला आणि थांबवून थांबवून बघितला. बॉनेटखाली डाव्या हाताला दादाची पट्टी आहे. तिच्यावर काहीच नाही, बोल्टांची भोकं उघडी. शेंबड्या पोरालाही दिसेल. हाच व्हिडिओ मी तेव्हा तीनदा बघितला होता. दोघा नातेवाइकांना 'हे काय ऐकते मी' असं लिहून पाठवलाही होता! वर्गात जन्मभर ओरडत आले, आधी निरीक्षण करा, मग अनुमान काढा. त्या मूर्खाला रोध कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. माझी मलाच किळस येते.

मी त्या व्हिडिओखाली लिहिलं, 'पट्टी रिकामी आहे, नीट बघा. मी त्या वायरमनची बहीण.' अर्ध्या तासात ते पुसलं गेलं. परत लिहिलं, परत पुसलं. म्हणून पेपरच्या पुरवणीत ही जागा मागून घेतली. छापलेलं त्याला पुसता येणार नाही.

दादा, तू चारही रझिस्टर लावले होतेस. हे तू समोर बसला होतास तेव्हा म्हणायला हवं होतं मी.