नॉर्बेरची पिवळी फुली

नॉर्बेर व्हेद्रेन आयुष्यात एकच मोठं खोटं बोलला, आणि तेही ब्रशने. बाकी माणूस सरळ. चाळीस वर्षं त्याने ब्रुसाक गावातल्या छपरांवर पाटीच्या दगडाची कौलं बसवली. एखादं छप्पर गळणार असेल तर तो मालकाला आधीच सांगून टाकायचा, त्यामुळे त्याला कामं जरा कमीच मिळाली. शेवटी गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा तो छपरावरून खाली उतरला आणि गावच्या पायवाट मंडळाने त्याच्या हातात पिवळ्या रंगाचा डबा दिला.

काम साधं होतं. रानात भटकायला येणाऱ्या लोकांसाठी झाडांवर खुणा करायच्या. आडवा पिवळा पट्टा म्हणजे इकडून जा. पिवळी फुली म्हणजे इकडे जाऊ नका. दर गुरुवारी नॉर्बेर निघायचा, पिशवीत ब्रश, खरवडणी, पत्र्याचा साचा आणि सॉसेजचा तुकडा. पट्टा डोळ्यांच्या उंचीवरच हवा आणि कडा सरळ हव्यात. शेजारच्या गावाचे पट्टे ओघळलेले असत, ते पाहून लाज याला वाटायची.

असा हा माणूस घसरला तो पहिल्याच सप्टेंबरात. ब्रुसाकची सगळी मिजास ज्याच्यावर, ते संत लांबेरचं चॅपेल, म्हणजे छोटंसं प्रार्थनाघर, रानात उभं आहे. आठशे वर्षांचं, अर्धं छप्पर गेलेलं, चेस्टनटच्या झाडांनी वेढलेलं. वाट त्याच्या दारावरूनच जायची. नॉर्बेर चॅपेलमागे आडोशाला गेला, आणि पाहतो तर पायाशी सात अळंब्या. साध्यासुध्या नव्हेत, सेप, रानातली सगळ्यांत चविष्ट जात. जाड देठाच्या, तपकिरी डोक्याच्या, एकेक मुठीएवढी.

ब्रुसाकमध्ये माणूस घराची किल्ली देईल, मत कोणाला दिलं तेही सांगेल, पण सेपची जागा सांगणार नाही. ती बाप मुलाला मरताना सांगतो, आणि तेही डॉक्टरने आशा सोडल्याची खात्री करून घेतल्यावर. नॉर्बेर रात्रभर तळमळला. पुढच्या गुरुवारी त्याने फाट्यावरच्या झाडावर सुबक पिवळी फुली मारली आणि पट्टे तलावाकडे वळवले. वाट दोन किलोमीटरनी वाढली, वर एक चढण आली. त्या चढणीवर पुढच्या अठरा वर्षांत तीन संसार मोडता मोडता राहिले.

चॅपेलचं कोणी विचारलंच तर त्याच्याकडे उत्तर तयार असे. एका वर्षी तिथे गांधीलमाश्या होत्या, एका वर्षी बैल मोकळा सुटला होता, नंतर बरीच वर्षं दगड पडत होते. घरी तो दर हंगामात छोटी टोपलीभर सेप आणायचा, सोलांजला सांगायचा, "तलावाच्या वाटेवर मिळाल्या." सोलांज, म्हणजे त्याची बायको, काही विचारायची नाही. तेवढ्याशा टोपलीतून ती सगळा हिवाळाभर ऑम्लेटं करायची आणि वर फडताळात बरण्यांची रांग लावायची. तिच्या हाताला बरकत आहे अशी नॉर्बेरची ठाम समजूत होती.

मग लील शहराहून ते पत्र आलं. लिहिणारे व्हांदाम नावाचे निवृत्त चित्रकला शिक्षक, वय एक्याऐंशी. सरपंच जिस्लेनबाईंनी ते कॅफेत सगळ्यांसमोर वाचलं.

"तुमचं चॅपेल पाहायला मी तीनदा आलो. तिन्ही वेळा तुमच्या पिवळ्या खुणांनी मला तलावावर नेलं. तलाव छान आहे. बदकं मी आता ओळखतो. माझे गुडघे आणखी एक फेरी देतील, फार तर."

जिस्लेनबाईंनी चष्मा काढला. "येत्या रविवारी वारसादिन आहे, जुन्या वास्तू लोकांना दाखवायचा. गावातर्फे चॅपेलची सहल काढू. या गृहस्थांना बोलावते. पुढे नॉर्बेर."

"सप्टेंबरात?" नॉर्बेरने ग्लास खाली ठेवला.

"मग काय, नाताळात? तारीख सरकारची आहे, माझी नाही."

"ती वाट जरा खराब आहे, बाई."

"वाट तुम्हीच सांभाळता ना?"

नॉर्बेरच्या मदतीला ओक्ताव्ह खाटीक धावला, हे जरा नवलच. "मी म्हणतो, म्हातारबुवांना पुन्हा तलावच दाखवा. या वर्षी बदकं नवी आहेत." त्यावर कोणी हसलं नाही. उलट दोन-तीन माना डोलल्या. जिस्लेनबाईंनी उसासा टाकला आणि सहलीचं पत्रक आधीच मंडळाच्या फळ्यावर लागलंय म्हणून सांगितलं.

मंगळवारी पाऊस झाला आणि बुधवारपासून उबदार ऊन पडलं. याचा अर्थ ब्रुसाकमधलं शेंबडं पोरही सांगेल. सेप वर येणार, आणि रविवारी लीलपासून बोर्दोपर्यंतची माणसं त्यांच्यावरून चालत जाणार. जागा एकदा परक्याला कळली की ती जागा गेलीच.

रविवारी उजाडता उजाडता तो टोपली घेऊन निघाला. निदान या खेपेच्या तरी वाचवू, असा विचार. सोलांज त्याच्याआधीच ब्रेड आणायला बाहेर पडली होती, म्हणून खोटं सांगायची वेळ आली नाही. चॅपेलमागे पोचला तर जमीन साफ. एकही सेप नाही. नुसते कापलेले देठ, आणि प्रत्येक देठावर ओलं पान नीट झाकलेलं. अगदी त्याच्याच पद्धतीने. नॉर्बेर तिथेच दगडावर बसला. अठरा वर्षं आपण एकटेच आहोत असं समजत होतो, आणि कोणीतरी आपल्या आधी येऊन जात होतं. त्याला रडूच यायचं बाकी होतं. संशय त्याने ओक्ताव्हवर घेतला, कारण तो सोयीचा होता.

दहा वाजता सहल निघाली. बाहेरची बाराजणं, बाकी गाव. एरवी दगडधोंड्यांकडे ढुंकून न पाहणारे ब्रुसाककर वारशासाठी एवढे लोटलेले पाहून जिस्लेनबाईसुद्धा चकित झाल्यासारख्या दिसल्या. व्हांदाम काठी टेकत आले, बगलेत चित्रवही. फाट्यावरच्या झाडापाशी ते थांबले.

"ही फुली आणि मी जुने ओळखीचे," ते म्हणाले.

सगळे नॉर्बेरकडे पाहू लागले. "तलावाकडून सावली आहे," ओक्ताव्ह पुटपुटला. नॉर्बेरची नजर म्हातारबुवांच्या गुडघ्यांवर गेली. डावा पाय ते किंचित बाहेर टाकत होते, नॉर्बेर स्वतः टाकायचा तसाच. अशा पायांनी हा माणूस तीनदा ती चढण चढला होता. नॉर्बेरला स्वतःची शरम वाटली.

"फुली चुकीची आहे," तो म्हणाला. "मीच मारली. या इकडून."

चॅपेलपाशी पोचल्यावर सारे ब्रुसाककर जमिनीकडे पाहत उभे राहिले. व्हांदाम मात्र वर पाहत होते. दाराच्या डाव्या खांबाच्या माथ्यावर शेवाळ साचलं होतं, ते त्यांनी काठीच्या टोकाने हलकेच खरवडलं. आतून एक दगडी माणूस बाहेर आला. ढेरपोट्या, हसरा. एका हातात काहीतरी धरलेलं, जाड देठाचं, गोल डोक्याचं. दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर.

"छत्री असेल," बोर्दोची एक बाई म्हणाली.

"आठशे वर्षांपूर्वी?" तिचा नवरा.

व्हांदाम वळले. "मस्ये व्हेद्रेन, रान तुमचं. तुम्हाला काय वाटतं?"

अठरा वर्षं नॉर्बेर या दारावरून येत-जात होता, आणि एकदाही त्याने मान वर केली नव्हती. जमीन साफ होती, माणसं गप्प होती, आणि दगड चुगली करत होता. आता नवं खोटं लागणार होतं, गांधीलमाश्या आणि बैल इथे चालणार नव्हते.

"टोपी," मागून आवाज आला. सोलांज होती. "टोपी काढून नमस्कार करतोय तो."

"टोपीच," ओक्ताव्ह म्हणाला. तीस वर्षांत तो सोलांजशी कशावरच सहमत झाला नव्हता. "माझ्या आजोबांकडे अशीच होती."

"टोपी," जिस्लेनबाईंनी सरकारी आवाजात सांगितलं आणि वहीत लिहूनही घेतलं. मग पोस्टमास्तर, मग पाववाली, सगळ्यांना टोपी दिसली. नॉर्बेरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. रविवारचे स्वच्छ कपडे, चकचकीत बूट, आणि प्रत्येकाच्या नखांत काळी ओली माती. सरपंचबाईंच्या नखांत. सोलांजच्याही.

आधी त्याला भयंकर राग आला. मग, का कोण जाणे, फार बरं वाटलं.

व्हांदामांनी तासभर बसून चित्र काढलं आणि खाली लिहिलं, टोपीवाला. परतताना फाट्यावर नॉर्बेरने खिशातला चाकू काढला, सेप कापायचाच, आणि फुली खरवडून टाकली. कोणी अडवलं नाही.

"चॅपेलमागे पाटी लावू," ओक्ताव्ह हळूच म्हणाला. "गांधीलमाश्या."

"दोन लावा," जिस्लेनबाई म्हणाल्या.

व्हांदाम नॉर्बेरच्या जवळ सरकले. "आमच्याकडे ही टोपी लोण्यात परततात. तुमच्याकडे?"

"बदकाच्या चरबीत, लसूण घालून," नॉर्बेर बोलून गेला.

"मी काही ऐकलं नाही," म्हातारबुवा म्हणाले.

दुपारी सोलांजने त्याच्यापुढे ऑम्लेट ठेवलं, सेपने फुगलेलं. नॉर्बेरने काटा खाली ठेवला.

"सोलांज, एक सांगायचंय. सेपची जागा."

तिचा चेहरा पांढरा पडला. "डॉक्टर काही म्हणाला का?"

"नाही. मी ठणठणीत आहे."

"मग गप्प जेव की. जीव घाबरा केलास." ती समोर बसली, ब्रेड मोडला. "आज मात्र चुकलं आमचं. दर वर्षी एक टोपलीभर तुझ्यासाठी ठेवतो सगळे. या खेपेला घाईत कोणाच्या लक्षातच राहिलं नाही."