एक बोट अलीकडे

"एक बोट अलीकडे," असं म्हणत सर स्वतःची मूठ स्वतःच्याच नाकासमोर थांबवायचे आणि मधे आडवं बोट घालून दाखवायचे. मूठ जोरात गेली पाहिजे, पण समोरच्याला लागता कामा नये. ज्याची लागली त्याने माफी मागायची, पट्टा सोडायचा आणि वर्ग सुटेपर्यंत कडेला बसायचं.

तुम्ही म्हणाल, हा कराटेचा वर्ग की भजनी मंडळ? मीही तेच म्हणायचो. नव्वदीची सुरुवात असेल. मी कोकणातून सिल्वासाला मास्तर म्हणून आलेला, टोकरखाड्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. शाळेचा व्हरांडा संध्याकाळी सरांना मिळे आणि कुलपाची किल्ली माझ्याकडे, म्हणून आमची ओळख. सर धुळ्याकडचे. दिवसा नरोलीच्या सूत कारखान्यात मशीनवर, संध्याकाळी सायकल हाणत इकडे. बसायला खुर्ची दिली तरी इथल्या गुजरातीत "चालशे", म्हणजे चालेल, म्हणून पायरीवरच टेकायचे.

"मास्तर, मारता तं कोनालेबी येतं," ते म्हणत. "थांबता आलं पाह्यजे."

माझी मुलगी सुमी तेव्हा कॉलेजात, सरांच्या वर्गात तपकिरी पट्ट्यापर्यंत पोचलेली. तिची मूठ इतकी नेमकी थांबायची की सर बाकीच्यांना बोलावून दाखवायचे. मला भारी अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मग एका दुपारी डोकमर्डीच्या रस्त्यावर एका स्कूटरवाल्याने तिची ओढणी धरली. सुमीची मूठ सुटली आणि त्याच्या नाकापुढे आपोआप थांबली. तो आधी दचकला, मग हसला, आणि तिच्या थोबाडीत देऊन निघून गेला.

घरी आली तेव्हा ओठ सुजलेला. रडत मात्र नव्हती. "बाबा, हात पुढे गेलाच नाही," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा होता. माझं डोकंच फिरलं. तिला घेऊन मी तडक नरोलीला सरांच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. त्यांचा खोलीतला जोडीदार कारखान्यात पाळीवर गेला होता, सर एकटेच होते.

"काय शिकवलंत हो पोरीला? मार खायला?" मी दारातूनच सुरू झालो.

सरांनी आधी सुमीकडून सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला. मग हात मागे बांधून ते तिच्यापुढे उभे राहिले.

"मार मले. थांबू नको."

तिने मूठ मारली, ती थांबली. पुन्हा मारली, पुन्हा थांबली.

"नाही जात, सर."

"उद्या तो परत येईन, सुमी. मी नसन तिथं."

आणि मूठ गेली. सरांच्या नाकातून भळाभळा रक्त आलं. त्यांनी ते बाहीने पुसलं आणि कमरेत वाकून तिला नमस्कार केला, जिंकणाऱ्याला करतात तसा. सुमी तेव्हा रडली, दुपारपासून पहिल्यांदा. मी भांडायला गेलेला माणूस, आता कुणाची बाजू घ्यावी तेच कळेना. याला भला माणूस म्हणावं, की भलेपणाच्या नादात माझ्या पोरीचा हात बांधून ठेवणारा? आजही मला धड सांगता येत नाही. तुम्हाला कळलं तर बघा.

"सर, तुमचं चुकलं होतं का?" निघताना मी विचारलं.

"मलेबी समजून नाही राह्यलं, मास्तर."

त्या आठवड्यात सर वर्गाला आलेच नाहीत. मुलं व्हरांड्यात रांगा लावून उभी राहायची आणि कंटाळून घरी जायची. शेवटी सुमीने मलमाची ट्यूब घेतली आणि आम्ही पुन्हा नरोलीला गेलो. खोलीत जोडीदार स्टोव्हवर भाकरी भाजत होता. सरांची वळकटी, ट्रंक काहीच दिसेना.

"ते तं गेले गावाले," तो म्हणाला. "कारखानाबी सोडला. म्हने, क्लास आता माझ्याच्यानं होनार नाही."

"माझ्याबद्दल काही बोलले का?" सुमीने विचारलं.

"नाही बा. नाक सुजेल व्हतं, म्हनून मी इचारलं, काय झालं. तं हसले. म्हने, माझी पोरगी पास झाली." त्याने तवा खाली उतरवला आणि माझ्याकडे बघितलं. "मास्तर, त्यांचं तं लगनच नाही झालं ना?"